साध्या नॉझलचे दोन दिवस

३ फेब्रुवारी

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून माइकची टोपी काढत होते तेव्हा बाहेर फोन वाजला. वाजू दिला. टोपी खिशात टाकली, उतरले, शिडी सरकवली, पुन्हा चढले. असे बारा माइक. पूर्वी प्रयोगशाळेतले मिस्त्री चढायचे आणि मी खाली उभी राहून टोप्या मोजत असे. आता मीच चढते, मीच मोजते.

फोन पुन्हा वाजला तेव्हा घेतला. समितीचे सचिव होते. विमानतळाच्या पूर्वेकडच्या वस्त्यांवरून पहाटे विमानं सोडायची की नाही, हे ही समिती ठरवणार आहे. नियमाचा मसुदा तयार आहे. इंजिनाच्या मागच्या तोंडाला, म्हणजे नॉझलला, दातेरी कडा असेल आणि त्या दातांमुळे आवाज निदान दोन डेसिबलने कमी होत असेल, तर पहाटे परवानगी. दातांनी आवाज २.८ ने कमी होतो, हा आकडा माझा. एकोणीस वर्षांपूर्वीचा. सचिवांना त्याची मूळ मापनं हवी आहेत, पंचवीस तारखेच्या आत.

मूळ मापनं ज्या डिस्कवर आहेत ती वाचणारं यंत्र आता आमच्याकडे नाही. म्हटलं, दोन्ही नॉझल कपाटात आहेत, साधं आणि दातेरी. पुन्हा चालवून ताजे आकडे देते. आठवड्याचं काम.

चोवीसला हे चेंबर, आवाज मोजायची आमची ही खोली, तोडायला घेणार आहेत. महिनाअखेर मी निवृत्त. हिशेबात बसतं.

५ फेब्रुवारी

सकाळी साधं, दुपारी दातेरी. हवेची टाकी भरायला चार तास लागतात आणि ती हवा नॉझलमधून चालते चाळीस सेकंद. माझं बहुतेक आयुष्य टाकी भरण्यात गेलं असं मी एकदा एका सभेत म्हणाले होते. लोक हसले होते.

फरक १.२ आला.

पुन्हा बघितलं. १.२.

कुठेतरी चुकतंय. माइक जुने आहेत.

६ फेब्रुवारी

बाराही माइक तपासले. माइकच्या तोंडावर कॅलिब्रेटर बसवायचा, तो एकच ठरलेला सूर काढतो, माइकने तो ठरलेल्या मापाचा दाखवला पाहिजे. बाराही माइकांनी दाखवला. केबल बदलल्या. पुन्हा टाकी, पुन्हा चाळीस सेकंद.

१.२.

घरी आले तर ताईने जेवण झाकून ठेवलं होतं. म्हणाली, "आठवड्याचं काम म्हणालीस."

"आठवडा संपला कुठे?"

"तुझा आठवडा मी ओळखते."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. इस्पितळात परिचारिका होती, आता घरी असते. भावजींच्या मागे ती माझ्याकडे राहायला आली, की मी तिच्याकडे, यावर आमचं अजून एकमत नाही.

९ फेब्रुवारी

आज पाचरींवर संशय घेतला. चेंबरच्या भिंती, छत, जमीन सगळीकडे फोमच्या हातभर लांब पाचरी आहेत, टोकं आतल्या बाजूला. आवाज त्यांत शिरतो आणि परत येत नाही. चालायला वर तारांची जाळी ताणलेली आहे. फोम आता पिवळा पडला आहे, बोट लावलं तर भुगा पडतो. भिंती आवाज परत पाठवायला लागल्या असतील तर आकडे बिघडतील.

मधोमध उभी राहून फुगा फोडला. नोंद घेतली. फुगा फुटला तेवढाच दिसतो, मागून काही येत नाही. सहा फुगे फोडले. सहाही वेळा तेच.

उरलेले पर्समध्ये राहिले. ताईने पाहिले.

"कुणाचा वाढदिवस?"

"चेंबरचा."

"त्याला तोडतायत ना?"

"हो."

"मग मेणबत्त्या नकोत," म्हणाली आणि फुगे काढून खणात ठेवले. ती काही टाकून देत नाही.

११ फेब्रुवारी

हवेतली आर्द्रता, तापमान, दातांची खोली, नॉझलचं तोंड घासलं गेलंय का. सगळं मोजलं. दात जसेच्या तसे आहेत.

दुपारी संचालक आले. माझेच विद्यार्थी. एके काळी याच खोलीत स्टुलावर बसून आलेख काढायचे. आता दारात उभे राहतात, आत येत नाहीत, बूट जाळीत अडकतात म्हणून.

"मॅडम, समितीला काय कळवायचं?"

"१.२ येतंय."

"पण छापलंय २.८."

"हो."

"मग छापील द्या ना. एवढ्या लोकांनी तो वापरलाय. चेंबर म्हातारं झालंय, माइक म्हातारे झालेत."

"मीही."

"तसं नाही म्हणालो मी."

तसंच म्हणाले. आणि माझंही मत त्या वेळी तेच होतं. आजच्यात काहीतरी खोट आहे. ती सापडली की संपलं.

१२ फेब्रुवारी

फाइली बांधताना जुना पत्रव्यवहार निघाला. माझा आकडा छापून आल्यावर तीन प्रयोगशाळांनी तेच नॉझल बनवून चालवलं होतं. एकीला १.० मिळाला, दुसरीला १.५, तिसरीला १.३. तिघांनीही फार सभ्यपणे विचारलं होतं की आमचं काय चुकतंय.

मी तिघांना उत्तरं लिहिली होती. तुमचे दात पुरेसे खोल नाहीत. तुमच्या कडा बोथट आहेत. पहिलीला तर चार पानं, आकृतीसह. त्यांनी आभार मानले होते.

पत्रं पुन्हा बांधून ठेवली.

१४ फेब्रुवारी

नोंदवही सापडली. मिस्त्रींनी पुठ्ठ्याला लावलेलं कापड अजून तसंच आहे.

११ ऑक्टोबर, साधं नॉझल, पाच गती. १२ ऑक्टोबर, साधं नॉझल, चार गती. मग एक कोरं पान. मग २४ ऑक्टोबर, दातेरी नॉझल.

हे इथे सविस्तर लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन. झोताची गती वाढवली की आवाज वाढतो, आणि तो एका ठरलेल्या चढाच्या रेषेत वाढतो. सगळे ठिपके त्या रेषेवर बसायला हवेत. कमी गतीचे ठिपके रेषेच्या वर राहिले, तर त्याचा अर्थ एकच. झोताखेरीज आणखी काहीतरी आवाज करतंय. झोत मोठा झाला की ते त्याच्याखाली दबतं, पण पुरतं जात नाही.

साध्या नॉझलच्या नऊ गती वहीत आहेत. छापलेल्या लेखात सात आहेत. सर्वांत कमी गतीचे दोन ठिपके गाळले आहेत. लेखात तळटीप आहे: "कंप्रेसरच्या अनियमिततेमुळे."

इतकी वर्षं मला तसंच आठवत होतं. विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की त्या दिवशी कंप्रेसर बिघडला होता. वहीत दोन्ही दिवशी कंप्रेसरपुढे "ठीक" लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

आज पेन्सिलीने ते दोन ठिपके काढले. दोन्ही रेषेच्या वर.

१५ फेब्रुवारी

सुट्टी. घरी होते. ताई कपाट आवरत होती, मी बसून होते.

"काय झालंय तुला?"

"जुन्या एका मापनात घोळ आहे."

"कुठल्या?"

"दातेरी नॉझलच्या."

ताईने घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली. "त्या तोंडाचं नाव काढू नकोस माझ्यापुढे. दोन दिवस वाट पाहिली आईने. दर वेळी दार वाजलं की मान वळवायची. मी सांगायचे, औषधवाला आहे, शेजारीण आहे."

एवढ्या वर्षांत ताईने हे दोन दिवसांचं किती वेळा काढलं असेल. कधी भाजी खारट झाली तरी तिथपर्यंत जाते. त्या ऑक्टोबरात ताईचा फोन दहा तारखेला संध्याकाळी आला होता. टाकी भरलेली होती. तेरा तारखेला सकाळी पोचले. तोवर सगळं झालं होतं.

मग अकरा दिवस घरीच राहिले. त्या अकरा दिवसांचं मला काहीच आठवत नाही, एवढंच आठवतं की ताई माझ्याशी बोलत नव्हती आणि तिन्ही वेळचं ताट वाढत होती.

दुपारी सुचलं. साधं नॉझल मी जाण्यापूर्वी चाललं, दातेरी मी परत आल्यावर. मधल्या अकरा दिवसांत काय झालं ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही. ते मिस्त्रींना ठाऊक असेल.

१७ फेब्रुवारी

मिस्त्रींकडे गेले. तिसरा मजला, जिन्याची एक पायरी फुटलेली. नऊ वर्षांत गेले नव्हते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून खिडकीशी बसले होते.

"बाई, तुम्ही! कळवायचं तरी. दाढी केली असती."

"केली असती!" त्यांची बायको आतून म्हणाली. "आरशात दिसतंय का काही? परवा माझ्या कुंकवाच्या डबीतलं मलम म्हणून डोळ्याला लावत होते."

मिस्त्री हसले. "चेंबर कधी तोडतायत?"

"चोवीसपासून."

"पाचरी कुठे टाकणार?"

"कचऱ्यात."

"दोन हजार तीनशे आहेत. एकेक हाताने चिकटवलीय." आणि मग, "तो गोंद काय निघायचा नाही. बघा तुम्ही. दमतील."

चहा झाला. व्हॉल्व्ह आणि नॉझल यांच्यामधल्या नळीत व्हॉल्व्हचा आवाज शोषायला लोकर भरलेली असते; संशय घ्यायला तेवढीच जागा उरली होती. मी विचारलं, "मिस्त्री, माझी आई गेली तेव्हा मी अकरा दिवस नव्हते. तेव्हा व्हॉल्व्हच्या पुढची नळी उघडली होती का तुम्ही?"

त्यांचा चेहरा उजळला. चष्म्याच्या आडून जेवढा उजळलेला दिसेल तेवढा.

"आठवतंय तुम्हाला? अहो, तुम्ही सारखं म्हणायचात ना, व्हॉल्व्ह शिटी मारतो, व्हॉल्व्ह शिटी मारतो. म्हटलं, बाई दुःखातून परत येतील, निदान शिटी तरी नको. उघडून बघतो तर आतली काचेची लोकर निम्मी चुरा होऊन तळाला. निम्मी नळी उघडी, नुसता पत्रा. सगळी नवी भरली, वर जाळी शिवली. आठ दिवस अंग खाजत होतं."

"ह्यांना वेगळं झोपवत होते मी," बायको म्हणाली.

"मला सांगितलं नाहीत."

"तुमचं तोंड बघून बोलायचं राहिलं. पण वहीत आहे की माझ्या, दुरुस्तीच्या. तारखेसकट. तुमची वही वेगळी, माझी वेगळी. तुमची मी कधी उघडली नाही, माझी तुम्ही कधी मागितली नाहीत." मग जरा पुढे झुकून, "गेली होती ना शिटी?"

"गेली होती."

"ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले.

दारापर्यंत सोडायला आले. भिंतीला हात लावत. तिथे उभे राहून म्हणाले, "दातेरी त्यानंतरच लावलं आपण, नाही का?"

"हो."

"आणि साधं त्याआधी."

"हो."

"पुन्हा नाही लावलं साधं."

"नाही."

त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "जिना जपून. फुटकी पायरी चौथी आहे."

त्यांना काही कळलं नसावं. बरं झालं. या वयात त्यांना कशाला.

संध्याकाळ

म्हणजे असं. साधं नॉझल उघड्या नळीवर मोजलं, शिटीसकट. दातेरी भरलेल्या नळीवर मोजलं, शिटीवाचून. फरक २.८. त्यातला १.२ दातांचा आणि १.६ मिस्त्रींच्या लोकरीचा.

साधं पुन्हा चालवायला हवं होतं. एक टाकी, चार तास. पण त्याचे आकडे हातात होते. त्यानंतर जे जे नॉझल आलं ते मी त्याच फाइलशी ताडलं. संचालकांचा प्रबंधही त्याच फाइलवर उभा आहे. एकोणीस वर्षं त्या साध्या नॉझलला कुणी कपाटातून काढलं नाही.

शिटी गेली हे मला त्या वेळी कळलं होतं का? कळलं असेल, तर दातांनी गेली असं वाटलं असेल.

१८ फेब्रुवारी

टाकी भरली. काही चालवलं नाही. संध्याकाळी हवा सोडून दिली.

२० फेब्रुवारी

समितीच्या पत्राचे मसुदे. पहिला: "अलीकडील मापनांत काहीसा फरक आढळून आला असून." "काहीसा" खोडलं. दुसरा: "यंत्रणेच्या वयोमानामुळे निश्चित निष्कर्ष काढणे कठीण." हे वाक्य इतकं छान झालं होतं की दोन वेळा वाचलं. मग फाडलं.

काही न पाठवणंही शक्य आहे. पंचवीस तारीख उलटेल, समिती छापील आकडा घेईल. पहाटे पाचपासून विमानं सुरू होतील. दात असलेली, कायदेशीर. कुणाला कळणार नाही. चोवीसनंतर पडताळून बघायला चेंबरही नसेल.

ताईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "त्या वस्तीत पहाटे उठावं लागलं तर लागलं. नर्सा रोजच उठतात." समितीचं तिला मी कधी सांगितलं होतं ते आठवत नाही. टेबलावरचे फाटके कागद तिनेच केरात टाकले असणार. नाही, ती काही टाकून देत नाही. खणात असतील.

मनात एक किडा आहे. लोकरीचं हे माझं अनुमान. अनुमानावर आकडा मागे घ्यायचा? जुनी नळी तशीच करून साधं चालवलं आणि जुना आकडा परत आला, तर सिद्ध होईल. पण नळी उतरवणं मला एकटीला जमणार नाही. निमित्त चांगलं आहे. दमलेही आहे.

२२ फेब्रुवारी

सकाळी पहारेकऱ्याचा फोन. "मॅडम, एक आजोबा आलेत. काळा चष्मा. मी इथेच नोकरीला आहे म्हणतात."

मिस्त्री. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दुरुस्तीची वही. दोन बस बदलून आले होते. तोडण्यापूर्वी चेंबर एकदा बघावं असं वाटलं असेल. मी आत नेलं. जाळीवर चढले, एक पाचर चाचपली, भुगा बोटांत घेऊन वास घेतला. मग म्हणाले, "नळी उतरवू का?"

"कशाला?"

"बाई," ते म्हणाले, "डोळे गेलेत थोडे. बाकी आहे ना मी."

उतरवली. दोघांनी मिळून. त्यांना बोल्ट दिसत नव्हते, पण हात आपोआप जात होते. मी दिवा धरून उभी होते आणि ते मला सांगत होते, "डावीकडे धरा. तुमच्या डावीकडे." आतली लोकर हातानेच ओढून काढली. निम्म्या नळीतली, तेव्हा होती तेवढी. हातमोजे दिले तर म्हणाले, मोज्यांनी कळत नाही.

टाकी भरत असताना ताई आली. माझी पुस्तकं न्यायला येणार असं तिने परवाच ठरवलं होतं, तेही मी विसरले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा आली. बरोबर डबा, दोन पिशव्या. चेंबरमध्ये डोकावली आणि लगेच मागे सरली.

"कान दुखतात गं इथे. कुणी बोलतच नाहीये असं वाटतं."

"कुणी बोलत नाहीच आहे."

"तू नाही बोलत. ते कळलं आता, कुठून आलं ते."

मिस्त्री हसायला लागले. ताईने त्यांचे हात पाहिले आणि तिचं हसू गेलं. "हे काय? काचेची लोकर? उघड्या हातांनी? चोळू नका. चोळू नका म्हणते ना! चिकटपट्टी आहे का इथे?" चिकटपट्टी दिली. त्यांना खुर्चीत बसवून त्यांच्या तळहातांवर पट्टी चिकटवायची आणि उचलायची, असं अर्धा तास करत होती. पट्टीवर बारीक चमक दिसत होती. नंतर थंड पाण्याखाली धरले. ते लहान मुलासारखे बसून होते.

दुपारी एक वाजता साधं नॉझल. नियंत्रण खोलीत तिघं. ताईच्या कानात बोळे. व्हॉल्व्ह मिस्त्रींनी उघडला.

शिटी होती. झोताच्या गर्जनेखाली बारीक, एकसुरी. मी ती विसरले होते, आणि ऐकताक्षणी ओळखली. नऊही गती घ्यायला दोन टाक्या लागल्या. दातेरीचे या महिन्यातले आकडे होतेच.

फरक २.७. नेमका २.८ येणार नव्हताच, लोकर तेव्हा कशी पडली होती कोण सांगणार. आणि कमी गतीचे दोन ठिपके रेषेच्या वर. पेन्सिलीने काढले होते जवळजवळ तिथेच.

मिस्त्रींना आकडा सांगितला.

"म्हणजे माझ्या लोकरीने घात केला."

"लोकरीने नाही. मी साधं पुन्हा चालवलं नाही."

"मी बोलायला हवं होतं."

"मी वही मागायला हवी होती."

"दोघं पुरे करा," ताई म्हणाली. "आणि मला एक सांगा, ते दाताचं एकदा ऐकवा ना. एवढं घरदार ज्याच्यापायी."

नळी पुन्हा भरायला मिस्त्रींना तास लागला. या वेळी ताईने हातमोजे घालायलाच लावले. मग रात्री आणखी एक टाकी, अर्धी साध्याला, अर्धी दातेरीला. ताईने कानातले बोळे काढले आणि काचेजवळ उभी राहिली. दोन्ही संपल्यावर म्हणाली, "मला तर सारखीच वाटली."

"सारखीच आहेत जवळजवळ. १.२ माणसाला ऐकू येत नाही."

"मग चूक कशात झाली होती?"

"साध्याच्या आकड्यांत. दातेरी तेव्हाही बरोबरच होतं."

"साधं कधी मोजलंस?"

वही समोर उघडीच होती. म्हटलं, "अकरा आणि बारा ऑक्टोबर."

ताई डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसत नव्हतं. काढलं, फिरवलं, पुन्हा लावलं. मिस्त्री पाने पिशवीत भरायला लागले, एकेक पुसून.

मग ताई म्हणाली, "चल, तूही हात धू. तुझ्याही हाताला लागली असेल."

तिने नळाखाली माझे हात धरले, आणि पाणी गार होतं तरी बराच वेळ सोडले नाहीत. माझ्या हातांना लोकर लागली नव्हती. ते मी सांगितलं नाही.

२३ फेब्रुवारी

पत्र एका पानात बसलं.

"दातेरी नॉझलमुळे आवाज २.८ डेसिबलने कमी होतो, हा मी प्रसिद्ध केलेला आकडा चुकीचा आहे. योग्य आकडा १.२ आहे. साध्या नॉझलची मापनं नळी दुरुस्त होण्यापूर्वीची आणि दातेरीची त्यानंतरची होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी तिची नोंद आपल्या वहीत वेळेवर केली होती. ती वही मी पाहिली नाही. कमी गतीची दोन मापनं मी गाळली होती. त्यासाठी लेखात दिलेलं कारण खरं नाही."

संचालकांना दाखवलं. उभ्यानेच वाचलं, मग बसले.

"माझा प्रबंधही त्याच फाइलवर आहे, मॅडम."

"माहीत आहे."

"पाच दिवसांनी तुम्ही जाल. पत्रांना उत्तरं मी देणार."

"तेही माहीत आहे. सही तुमची नकोय, माझी पुरे."

बराच वेळ कागद हातात धरून होते. मला वाटलं खिशात घालतात की काय. मग पेन काढलं आणि तारखेवर टेकवलं.

"बावीस लिहिलंय. आज तेवीस."

दुरुस्त केली. घरी ताईला वाचून दाखवलं. "कारण खरं नाही" या वाक्याशी तिने मान हलवली, पुढे वाच म्हणून. पुढे काही नव्हतं.

२४ फेब्रुवारी

सकाळी नऊला पत्र समितीच्या कार्यालयात नेऊन दिलं. आवक कारकुनाने विचारलं, जोडपत्रं किती. म्हटलं, दोन वह्या. त्याने दोन्हींवर शिक्के मारले, कापडाच्या पुठ्ठ्यावर शाई उमटली नाही म्हणून पुन्हा मारला. सव्वादहाला परत पोचले तेव्हा चार कामगार पाचरी काढत होते. गोंद निघत नव्हता. अकराला मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. रात्रभर ह्यांचं अंग खाजतंय, ताईंना विचारून सांगा काय लावायचं. ताई उरलेली पुस्तकं न्यायला आलीच होती, तिला विचारलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला.